बेट त्याच देशाचं, मग पार्सल परदेशी का? समुद्रापारच्या प्रदेशांत ऑनलाइन माल कसा पोहोचतो

ऑनलाइन खरेदी करताना सगळं व्यवस्थित भरून झालं, पैसे द्यायची वेळ आली आणि स्क्रीनवर ओळ आली, ‘या पत्त्यावर डिलिव्हरी उपलब्ध नाही.’ हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना कधी ना कधी आलेला असतो. जगात काही लाख लोकांना मात्र ही ओळ जवळजवळ रोजच वाचावी लागते. त्यांच्याकडे फ्रान्सचा, अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा पासपोर्ट असतो, पण घर असतं हिंदी महासागरात, कॅरिबियनमध्ये नाहीतर दक्षिण अटलांटिकमधल्या एखाद्या बेटावर.

असं का होतं? पहिलं उत्तर मनात येतं ते अंतराचं. ते खरं आहे, पण अर्धंच. पार्सल अडतं किंवा महाग पडतं त्यामागे बऱ्याचदा दुसरंच कारण असतं: एकाच पत्त्याकडे टपाल खातं, कस्टम्स, कर विभाग आणि वेबसाइट हे चौघं चार वेगवेगळ्या नकाशांवर बघत असतात आणि ते नकाशे एकमेकांशी जुळत नाहीत. आजच्या लेखात हे चार नकाशे समजून घेऊया, मग खर्च कुठे वाढतो ते बघूया आणि शेवटी विक्रेता, वेबसाइट बनवणारा आणि ग्राहक या तिघांनी काय काळजी घ्यायची तेही पाहूया.

समुद्रापारचे प्रदेश म्हणजे नक्की कोणते?

युरोपातल्या देशांनी आणि अमेरिकेने वसाहतींच्या काळात ताब्यात घेतलेली काही बेटं आणि भूभाग आजही त्यांच्याकडेच आहेत. मात्र प्रत्येकाचा दर्जा वेगळा आहे.

फ्रान्सचे रेयूनियों, ग्वादेलोप, मार्टिनिक, फ्रेंच गयाना आणि मायोत हे पाच प्रदेश कायद्याने फ्रान्सचाच भाग आहेत आणि युरोपियन युनियनमध्येही येतात. फ्रेंच पॉलिनेशिया आणि न्यू कॅलिडोनिया हेही फ्रान्सचे, पण ते युरोपियन युनियनच्या बाहेर. तिथलं चलनसुद्धा युरो नाही, पॅसिफिक फ्रँक आहे.

ब्रिटनचे असे १४ प्रदेश आहेत. फॉकलंड, सेंट हेलेना, पिटकेर्न, बर्म्युडा ही त्यातली काही नावं. हे प्रदेश ब्रिटनच्या अखत्यारीत असले तरी युनायटेड किंगडमचा भाग नाहीत.

अमेरिकेकडे पोर्तो रिको, गुआम, यूएस व्हर्जिन आयलंड्स, अमेरिकन सामोआ आणि उत्तर मारियाना ही वस्ती असलेली बेटं आहेत. स्पेनची कॅनरी बेटं मात्र थेट स्पेनचाच प्रांत आहेत.

म्हणजे ‘समुद्रापारचा प्रदेश’ हा एकच प्रकार नाही. त्यामुळे ‘बेटांवर पाठवतो’ किंवा ‘बेटांवर पाठवत नाही’ असा एकच नियम लावला की गडबड होणारच.

एक पत्ता, चार नकाशे

पहिला नकाशा टपालाचा. पार्सल देशांतर्गत दराने जाईल की आंतरराष्ट्रीय, पोस्टल कोड कोणता, वाटप कोण करणार हे यावर ठरतं.

दुसरा नकाशा कस्टम्सचा. माल सीमा ओलांडतोय का, जाहीरनामा भरावा लागेल का, आयात शुल्क कोणत्या दराने लागेल हे इथे कळतं.

तिसरा नकाशा कराचा. व्हॅट किंवा विक्रीकर कोणाचा, किती टक्के आणि तो कोणी वसूल करायचा?

चौथा नकाशा वेबसाइटचा. चेकआउटच्या पानावर देशांची जी यादी उघडते ती बहुतेक वेळा आयएसओ ३१६६ या आंतरराष्ट्रीय मानकावरून घेतलेली असते. त्यात प्रत्येक देशाला दोन अक्षरी कोड असतो, आणि गंमत म्हणजे अनेक बेटांना देश नसतानाही स्वतंत्र कोड मिळालेला असतो.

काही उदाहरणं एकत्र ठेवून बघा:

| प्रदेश | टपाल | कस्टम्स | विक्रीवरचा कर | देश-कोड |
|---|---|---|---|---|
| रेयूनियों | फ्रान्सचाच पोस्टल कोड, ९७४ ने सुरू होणारा | युरोपियन युनियनच्या हद्दीत | फ्रान्समधल्या २० टक्क्यांऐवजी ८.५ टक्के, शिवाय समुद्री जकात | स्वतंत्र, आरई |
| कॅनरी बेटं | स्पेनचाच पोस्टल कोड, ३५ किंवा ३८ ने सुरू होणारा | युरोपियन युनियनच्या हद्दीत | स्पेनचा २१ टक्के व्हॅट नाही, त्याऐवजी साधारण ७ टक्क्यांचा स्थानिक कर | वेगळा नाही, स्पेनचाच ईएस |
| पोर्तो रिको | अमेरिकेचाच झिप कोड | अमेरिकेच्या हद्दीत | बेटाचा स्वतःचा, ११.५ टक्के | स्वतंत्र, पीआर |
| गुआम | अमेरिकेचाच झिप कोड, ९६९ ने सुरू होणारा | अमेरिकेच्या हद्दीबाहेर | स्वतःची करव्यवस्था | स्वतंत्र, जीयू |
| त्रिस्तान दा कून्हा | ब्रिटनसारखा दिसणारा पोस्टकोड | ब्रिटनच्या हद्दीबाहेर | ब्रिटनचा व्हॅट नाही | सेंट हेलेनासोबत, एसएच |

कोणतीही एक आडवी ओळ वाचा. टपाल ‘घरचं’ म्हणतंय, कर ‘बाहेरचं’ म्हणतोय आणि वेबसाइट तिसरंच काहीतरी म्हणतेय.

रेयूनियों: घरचं पार्सल, पण निर्यातीचे कागद

रेयूनियों हे मॉरिशसपासून साधारण सव्वादोनशे किलोमीटरवरचं बेट. लोकसंख्या पावणेनऊ लाखांच्या आसपास. पॅरिसपासून अंतर नऊ हजार किलोमीटरहून जास्त. इथले लोक फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मतदान करतात, खिशात युरो बाळगतात, पण पॅरिसमधल्या दुकानातून ऑनलाइन बूट मागवले तर त्या पार्सलवर कस्टम्सचा सीएन २३ हा जाहीरनामा चिकटवावा लागतो.

कारण असं की रेयूनियों युरोपियन युनियनच्या कस्टम्स हद्दीत आहे, पण व्हॅटच्या हद्दीत नाही. त्यामुळे मुख्य फ्रान्समधून तिथे पाठवलेला माल कराच्या दृष्टीने निर्यात ठरतो. विक्रेत्याने फ्रान्सचा २० टक्के व्हॅट लावायचा नाही. बेटावर उतरल्यावर तिथला ८.५ टक्के व्हॅट लागतो आणि त्याशिवाय ‘ऑक्त्रुआ द मेर’ नावाचा आणखी एक कर.

या दुसऱ्या कराचं नाव परकं वाटेल, पण वस्तू आपल्या ओळखीची आहे. ही सरळसरळ समुद्री जकात! महाराष्ट्रात शहराच्या वेशीवर जकात नाके असायचे, ट्रकच्या रांगा लागायच्या आणि ते पैसे महापालिकेला मिळायचे. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा बंद झाली. फ्रान्सच्या बेटांवर मात्र सतराव्या शतकात मूळ असलेली ही पद्धत अजून चालू आहे. नाक्याच्या जागी बंदर आणि विमानतळ, एवढाच फरक. दर बेटावरची प्रादेशिक परिषद ठरवते, वस्तूनुसार ते बदलतात, आणि मिळणाऱ्या पैशाचा मोठा वाटा तिथल्या नगरपालिकांना जातो. मुख्य फ्रान्समधून आलेल्या मालावरसुद्धा ही जकात लागते.

आता हिशोब बघू. सोयीसाठी वाहतूक खर्च बाजूला ठेवू. बुटांची मूळ किंमत १०० युरो आहे. पॅरिसमधल्या ग्राहकाला ते २० टक्के व्हॅटसह १२० युरोला पडतात. रेयूनियोंच्या ग्राहकाला योग्य हिशोबाने १०० युरोचं बिल यायला हवं. बेटावर त्याने ८.५० युरो व्हॅट आणि वर लागेल ती जकात भरायची.

पण वेबसाइटने ग्राहकाचा देश ‘फ्रान्स’ धरला तर? मग ती १२० युरो कापून घेते. पार्सल बेटावर पोहोचतं तेव्हा तिथला व्हॅट आणि जकात वेगळी मागितली जाते, वर कुरिअर कंपनीचं हाताळणी शुल्क. ग्राहकाने एकाच बुटांवर दोनदा व्हॅट भरला. तो वैतागून पार्सल नाकारतो. पार्सल परत नऊ हजार किलोमीटर जातं आणि येण्याजाण्याचा खर्च विक्रेत्याच्या अंगावर पडतो. असं दोन-तीनदा झालं की छोटा दुकानदार पोस्टल कोडच्या यादीतून ९७ ने सुरू होणारे सगळे कोड बंद करून टाकतो. ‘डिलिव्हरी उपलब्ध नाही’ ही ओळ बऱ्याचदा अशीच जन्माला येते.

ग्राहकांसाठी हा चैनीचा प्रश्न नाही. फ्रान्सच्या सांख्यिकी संस्थेने, म्हणजे इन्सेने, २०२२ मध्ये केलेल्या तुलनेत खाद्यपदार्थांचे दर मुख्य फ्रान्सपेक्षा रेयूनियोंमध्ये ३७ टक्के आणि ग्वादेलोपमध्ये ४२ टक्के जास्त निघाले. २००९ मध्ये महागाईविरोधात ग्वादेलोप ४४ दिवस संपावर होतं. २०२४ मध्ये मार्टिनिकमध्येही याच कारणाने लोक रस्त्यावर उतरले. स्थानिक दुकानं मोजकी, माल महाग. अशा ठिकाणी ऑनलाइन दुकान हा दुसरा पर्याय, आणि तोच बंद असेल तर माणसाने करायचं काय?

पोर्तो रिको आणि गुआम: देशांच्या यादीत शोधायचं की राज्यांच्या?

पोर्तो रिकोची अडचण कराआधी वेबसाइटच्या ड्रॉपडाउनमध्येच सुरू होते. आयएसओच्या यादीत पोर्तो रिकोला स्वतंत्र कोड आहे आणि त्याच वेळी अमेरिकेच्या उपविभागांच्या यादीतही त्याचं नाव आहे. म्हणून काही वेबसाइटवर ते ‘देश’ म्हणून दिसतं, काहींवर ‘राज्य’ म्हणून, काहींवर दोन्हीकडे आणि काहींवर कुठेच नाही. साधारण ३२ लाख लोकांच्या बेटावर हा रोजचा वैताग आहे.

अमेरिकेचं टपाल खातं तिथे देशांतर्गत दराने पार्सल नेतं. खासगी कुरिअर कंपन्या मात्र बऱ्याचदा त्याच पत्त्याला आंतरराष्ट्रीय धरतात आणि तसा दर लावतात. म्हणजे एकाच वस्तूचं एकाच ठिकाणी जाण्याचं भाडं कोण नेतंय यावर कितीतरी बदलतं.

पत्त्याची पद्धतही वेगळी आहे. पोर्तो रिकोत वसाहतीला ‘उर्बानिसासिओन’ म्हणतात आणि एकाच झिप कोडमध्ये दोन वसाहतींत त्याच नावाचा रस्ता, तोच घर क्रमांक असू शकतो. त्यामुळे वसाहतीच्या नावाची ओळ पत्त्यात हवीच. आपल्याकडे ‘अमुक नगर, तमुक सोसायटी’ लिहिलं नाही तर डिलिव्हरीवाला फोन करतो, तसंच हे. पण मुख्य अमेरिकेच्या हिशोबाने बनवलेल्या फॉर्ममध्ये ही ओळ लिहायला जागाच नसते.

गुआमची गोष्ट आणखी एक पायरी पुढची. तिथे अमेरिकेचा झिप कोड चालतो, डॉलर चालतो, टपालाचा दरही देशांतर्गत असतो. पण गुआम अमेरिकेच्या कस्टम्स हद्दीबाहेर आहे, त्यामुळे देशांतर्गत पार्सलवरसुद्धा कस्टम्सचा फॉर्म लागू शकतो. अमेरिकन सामोआचंही तसंच.

समुद्री वाहतुकीचा एक जुना कायदाही इथे आडवा येतो. १९२० च्या जोन्स कायद्यानुसार अमेरिकेच्या दोन बंदरांमधला माल अमेरिकेत बांधलेल्या, अमेरिकी मालकीच्या आणि मुख्यतः अमेरिकी खलाशी असलेल्या जहाजांतूनच न्यावा लागतो. पोर्तो रिकोला हा कायदा लागू आहे, यूएस व्हर्जिन आयलंड्सना त्यातून सूट आहे. शेजारशेजारच्या बेटांना वेगळे नियम!

त्रिस्तान दा कून्हा: पोस्टकोड मिळाला, जहाज मात्र हवामानावर

आता सगळ्यात टोकाचं उदाहरण. दक्षिण अटलांटिकमधल्या त्रिस्तान दा कून्हावर अडीचशेहून कमी माणसं राहतात. विमानतळ नाही. केपटाउनहून जहाजाने साधारण आठवडाभराचा प्रवास, आणि वर्षभरात जहाजाच्या मोजक्याच फेऱ्या. बेटावरचं बंदर इतकं छोटं की समुद्र खवळलेला असेल तर जहाज समोर दिसत असूनही माल उतरवता येत नाही, हवामान निवळेपर्यंत थांबावं लागतं.

बेटावरच्या एकमेव गावाचं नाव ‘एडिनबरा ऑफ द सेव्हन सीज’. साहजिकच स्कॉटलंडच्या एडिनबराशी गोंधळ होण्याची शक्यता कायमची. त्यात पोस्टकोड नसल्याने ऑनलाइन फॉर्म पुढेच सरकत नसे. म्हणून २००५ मध्ये बेटाला ‘टीडीसीयू १झेडझेड’ हा पोस्टकोड देण्यात आला. संपूर्ण बेटाला एकच कोड. ऑनलाइन ऑर्डर सोपी व्हावी हा त्यामागचा एक हेतू होता. फॉकलंड, सेंट हेलेना आणि पिटकेर्नलाही असेच कोड आहेत.

पण बघा, एक नकाशा दुरुस्त केला म्हणून बाकीचे तीन आपोआप जुळत नाहीत. हा कोड ब्रिटनच्या पोस्टकोडसारखा दिसतो, त्यामुळे एखादी वेबसाइट बेटाला ब्रिटनमध्येच धरते आणि ब्रिटनचा २० टक्के व्हॅट लावते, जो तिथल्या ग्राहकाला लागू नाही. शिवाय आयएसओच्या यादीत त्रिस्तान, असेन्शन आणि सेंट हेलेना या तिघांना मिळून एकच कोड आहे. त्रिस्तान आणि सेंट हेलेना यांच्यात सुमारे २,४०० किलोमीटर समुद्र आहे. सेंट हेलेनाला ऑक्टोबर २०१७ पासून नियमित प्रवासी विमान आहे, त्रिस्तानला नाही. देश-कोडवरून डिलिव्हरीचे दिवस मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला हा फरक कळणार कसा?

अंतराचा खर्च नेमका कुठे येतो?

नकाशे जुळले तरी अंतर आहेच. तो खर्च मुख्यतः तीन जागी लपलेला असतो.

पहिली जागा आकारमानाचं वजन. विमानात जागा मर्यादित असते, म्हणून कुरिअर कंपन्या खरं वजन आणि आकारावरून काढलेलं वजन यातलं जे जास्त असेल ते धरतात. नेहमीचं सूत्र असं: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायची. समजा उशांचा खोका ६० गुणिले ४० गुणिले ४० सेंटीमीटर आहे आणि वजन ४ किलो. गुणाकार ९६,०००, भागाकार १९.२. म्हणजे ४ किलोच्या खोक्याला १९.२ किलोचं भाडं! मुंबई-पुणे अंतरात हा फरक सोसता येतो, नऊ हजार किलोमीटरला नाही.

दुसरी जागा बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी सुटी पाठवायची असेल, म्हणजे पॉवर बँक किंवा लॅपटॉपची बदली बॅटरी, तर ती १ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रवासी विमानात माल म्हणून चढवता येत नाही. मोठ्या शहरांना मालवाहू विमानांचा पर्याय असतो. छोट्या बेटांवर बहुतेकदा फक्त प्रवासी विमान उतरतं. मग पॉवर बँकेसाठी जहाजाची वाट बघणं आलं. अत्तर, नेलपॉलिश, स्प्रे अशा ज्वलनशील वस्तूंनाही असेच निर्बंध असतात.

तिसरी जागा परतीचा प्रवास. शहरात ‘नाही बसला तर परत करा’ म्हणणं सोपं असतं. बेटावरून परत येणाऱ्या शर्टाचं भाडं कधीकधी शर्टापेक्षा जास्त होतं. टपालाच्या पार्सल फॉर्मवर म्हणूनच एक रकाना असतो: डिलिव्हरी झाली नाही तर पार्सल परत पाठवायचं की सोडून द्यायचं? अनेक विक्रेते तो वाचतच नाहीत.

‘आम्ही तिथे पाठवत नाही’ असं म्हणणं कायदेशीर आहे का?

युरोपियन युनियनमध्ये जिओ-ब्लॉकिंगविरोधी नियम ३ डिसेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार ग्राहक दुसऱ्या सदस्य देशात राहतो एवढ्याच कारणाने दुकानदार त्याला विक्री नाकारू शकत नाही. पण घरपोच पाठवण्याची सक्ती त्यात नाही. ‘विकत घ्या, पण आम्ही जिथे पोहोचवतो तिथून न्यायची सोय तुमची तुम्ही करा’ असं म्हणता येतं.

त्याहून मोठी पळवाट अशी की सगळा व्यवहार एकाच देशाच्या आत असेल तर हा नियम लागू होत नाही. म्हणजे जर्मनीतल्या दुकानाला रेयूनियोंच्या ग्राहकाशी हा नियम पाळावा लागतो, पण पॅरिसचं दुकान आणि रेयूनियोंचा ग्राहक दोघंही फ्रान्सचेच, त्यामुळे तिथे हा नियम कामाला येत नाही. कराच्या नकाशावर परके आणि कायद्याच्या नकाशावर घरचे. दोन्हीकडून तोटा ग्राहकाचाच.

भारतातली बेटं यापेक्षा वेगळी कशी?

अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप हेही समुद्रापारचेच, पण तिथे मोठा फरक आहे. जीएसटी सगळीकडे तोच, कस्टम्सची सीमा मध्ये येत नाही आणि देश-कोडही एकच. म्हणजे चारपैकी तीन नकाशे जुळलेले आहेत, उरतं ते फक्त अंतर.

तरी टपालाच्या नकाशात एक खाच आहेच. लक्षद्वीपमधल्या कवरत्तीचा पिनकोड ६८२५५५ आहे आणि कोचीच्या पिनकोडचेही पहिले तीन अंक ६८२ आहेत. पहिल्या तीन अंकांवरून भाडं ठरवणारं सॉफ्टवेअर कवरत्तीला कोचीचाच दर आणि कोचीचीच तारीख दाखवतं. अंदमानचे पिनकोड ७४४ ने सुरू होतात, ते निदान वेगळे ओळखता येतात.

महाराष्ट्रातून अशा ठिकाणी माल पाठवायचा असेल तर

रेयूनियोंमध्ये भारतीय वंशाचे, विशेषतः तमिळ मुळांचे लोक मोठ्या संख्येने आहेत. शेजारच्या मॉरिशसमध्ये तर मराठी समाजही आहे. त्यामुळे पूजेचं साहित्य, कपडे, दागिने यांची ऑर्डर या भागातून येऊ शकते. तेव्हा हे बघा:

१. व्यापारी निर्यातीसाठी आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, आधी काढून ठेवा. निर्यातीवर जीएसटी न भरता माल पाठवायचा असेल तर एलयूटी भरलेलं असावं.

२. टपालाने पाठवत असाल तर डाक निर्यात केंद्राची सोय आहे. तिथल्या पोर्टलवर पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट ऑनलाइन भरता येतं.

३. पार्सल बुक करण्याआधी दरपत्रकात त्या बेटाचं नाव स्वतंत्रपणे शोधा. ‘फ्रान्सला जातं म्हणजे रेयूनियोंला जातंच’ असं गृहीत धरू नका.

४. पत्त्यात बेटाचं नाव आणि पोस्टल कोड दोन्ही लिहा. ग्राहकाचा फोन नंबर आणि ईमेल पार्सलवर हवाच.

५. जाहीरनाम्यात ‘गिफ्ट’, ‘सामान’ असं मोघम लिहू नका. वस्तू काय, कशाची बनलेली, किती नग, किंमत किती आणि एचएस कोड कोणता हे स्पष्ट लिहा. किंमत कमी दाखवली तर माल अडकतो आणि हरवला तर भरपाईही तेवढीच मिळते.

६. युरोपियन युनियनसाठी आयओएसएस ही सोय १ जुलै २०२१ पासून आहे. १५० युरोपर्यंतच्या मालाचा व्हॅट विक्रेत्याने आधीच घ्यायचा, म्हणजे ग्राहकाला दारात भरावा लागत नाही. पण ही सोय युरोपियन युनियनच्या व्हॅट हद्दीपुरतीच आहे. रेयूनियों, मार्टिनिक किंवा कॅनरी बेटं त्यात येत नाहीत. तिथल्या ग्राहकाकडून आयओएसएसखाली व्हॅट घेतलात तर तो दोनदा कर भरणार.

७. बेटावर कर कोण भरणार हे ऑर्डर घेतानाच सांगा. ‘तिथले कर आणि शुल्क तुम्हाला भरावे लागतील’ हे एक वाक्य नाकारलेली अनेक पार्सलं वाचवू शकतं.

वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी

तुम्ही स्वतःचं किंवा ग्राहकाचं ऑनलाइन दुकान बांधत असाल तर भाडं आणि कर फक्त देशाच्या नावावर ठरवू नका. देश आणि पोस्टल कोड अशी जोडी तपासा. देश ‘फ्रान्स’ आणि कोड ९७४०० असेल तर तो पत्ता रेयूनियोंचा माना. देश ‘स्पेन’ आणि कोड ३५ किंवा ३८ ने सुरू होत असेल तर कॅनरीचा दर लावा. पोर्तो रिको ‘देश’ म्हणून निवडलं काय किंवा अमेरिकेचं ‘राज्य’ म्हणून, दोन्ही वाटा एकाच नियमाकडे न्या.

पोस्टल कोडची चौकट अक्षरं आणि अंक दोन्ही स्वीकारणारी ठेवा. पत्त्याला एक जादा ओळ द्या. आणि ज्या ठिकाणी पाठवत नसाल ते कार्ट भरल्यावर सांगण्यापेक्षा वस्तूच्या पानावरच सांगा. माणसाचा अर्धा तास वाचतो आणि तुमच्याबद्दलचा रागही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*बेटावरचा ग्राहक मुख्य देशातला पत्ता वापरू शकतो का?*
हो. मुख्य देशात पत्ता देऊन आलेली पार्सलं एकत्र बांधून पुढे पाठवणाऱ्या कंपन्या असतात, त्यांना फॉरवर्डर म्हणतात. चार पार्सलं एका खोक्यात गेल्याने भाडं वाचतं. पण विक्रेत्याने लावलेला मुख्य देशाचा व्हॅट सहसा परत मिळत नाही, वॉरंटीचा प्रश्न येतो आणि बॅटरीचे नियम तिथेही लागू असतात.

*जहाजाने पाठवलं तर स्वस्त पडतं का?*
जड, टिकाऊ आणि घाई नसलेल्या मालासाठी पडतं. फ्रान्सहून रेयूनियोंला जहाज साधारण तीन-चार आठवडे घेतं. हलक्या आणि छोट्या वस्तूंना टपालाची हवाई सेवाच बरी.

*ट्रॅकिंग बेटावर पोहोचल्यावर बंद का होतं?*
पार्सल दुसऱ्या यंत्रणेच्या हातात जातं तेव्हा नवीन स्कॅन व्हायला वेळ लागतो. जहाजाची वाट बघणारं पार्सल आठवडेच्या आठवडे एकाच नोंदीवर थांबलेलं दिसतं. ते हरवलंच असेल असं नाही.

*मग छोट्या विक्रेत्याने बेटांच्या ऑर्डर घ्याव्यात की नाही?*
घ्याव्यात, पण निवडून. हलका, न फुटणारा, बॅटरी नसलेला आणि मापाची भानगड नसलेला माल सुरुवातीला ठेवा. परतीची अट आधीच लिहून द्या.

थोडक्यात

एखाद्या बेटावर ऑर्डर जाईल का हे विचारताना ‘किती लांब आहे?’ या प्रश्नाने सुरुवात करू नका. आधी चार प्रश्न विचारा: टपाल याला कुठलं मानतं? कस्टम्स कुठलं मानतं? कर कोणाचा लागतो? आणि माझी वेबसाइट त्याला काय समजते? चारही उत्तरं कागदावर लिहिली की भाड्याचा हिशोब करता येतो आणि ग्राहकाला खरी किंमत आधीच सांगता येते. अंतर कमी करणं आपल्या हातात नाही. पण बेटावरच्या माणसाला दोनदा कर भरायला लावणं किंवा त्याचा पत्ताच न स्वीकारणं हे फॉर्म आणि सेटिंग नीट केल्याने नक्की टाळता येतं.